एकाच वजनाचे दोघे

पारशिवनीला शिक्षकांच्या एका विज्ञान शिबिरासाठी आम्ही गेलो होतो. दुपारच्या सुटीत शाळेच्या व्हरांड्यात दोन मुले एकमेकांना गुद्दे मारण्याचा अभिनय करीत होती. तिसरा पंच झाला होता आणि तोंडाने घंटा वाजवत होता. आम्ही थांबलेले पाहून पंच महाशयांनी खुलासा केला, "सर, दोघांचंही वजन चाळीस किलो आहे. मंग लढत बरोबरीचीच झाली ना?" शेजारी उभे असलेले क्रीडाशिक्षक हसले आणि "हे पोट्टे असेच विचारतात" असे म्हणून त्यांनी प्रश्न आमच्याकडे ढकलला. त्या वेळी आम्ही "साधारण हो" असे काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर अपुरे होते. हा लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई समजावी.

विषय मुष्टियुद्धाचा असला तरी त्यात आठवी ते दहावीचे निम्मे भौतिकशास्त्र आणि शरीरशास्त्राचा बराच भाग येतो. मुलांना त्यात आपोआप गोडी वाटते, ही आणखी एक सोय.

उदाहरण आपल्या राज्यातलेच घेऊ. ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय क्रीडागृहात व्यावसायिक मुष्टियुद्धाचा कार्यक्रम झाला. लोकांना आठवते ती त्या रात्रीची विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतियाली यांची लढत. पण त्याच रिंगणात त्याआधी हरयाणाचा नीरज गोयत आणि फिलिपीन्सचा ॲलन तनाडा यांची वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलच्या आशियाई किताबासाठी लढत झाली होती. गट होता वेल्टरवेट. बारा फेऱ्या पूर्ण झाल्या आणि गोयत गुणांवर जिंकला. तीन मिनिटांची एक फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, म्हणजे ३६ मिनिटे मारामारी आणि ११ मिनिटे विसावा. ही सगळी ४७ मिनिटे दोघे एकमेकांसमोर उभे राहू शकले, याचे पहिले कारण आदल्या दिवशी वजनकाट्यावर ठरले होते.

'वेल्टर' हा शब्द मुळात घोड्यांच्या शर्यतीतला. इंग्लंडमध्ये वजनदार घोडेस्वाराला वेल्टर म्हणत. मुष्टियुद्धात तो आला आणि मधल्याच एका गटाला चिकटला. व्यावसायिक मुष्टियुद्धात या गटाची वरची मर्यादा १४७ पौंड, म्हणजे ६६.७ किलो. त्याच्या खालचा गट १४० पौंडांवर, म्हणजे ६३.५ किलोंवर संपतो. थोडक्यात, सव्वातीन किलोंच्या पट्ट्यात बसणारे सगळे वेल्टरवेट. (ऑलिंपिकमधली मापे वेगळी आहेत आणि ती वरचेवर बदलतात. टोकियोत लव्हलिना बोर्गोहेनने कांस्यपदक मिळवले तो महिलांचा वेल्टर गट ६९ किलोंचा होता.)

गटांची ही शिडी मुलांना फळ्यावर काढून दाखवावी. सगळ्यात खालच्या दोन पायऱ्या १०५ आणि १०८ पौंडांच्या, म्हणजे अंतर केवळ ३ पौंड. १४० ते १४७ हे अंतर ७ पौंडांचे. वर गेल्यावर १७५ वरून एकदम २००, म्हणजे २५ पौंडांची उडी. पायऱ्या सारख्या का नाहीत, असे विचारावे. कुणीतरी शेकडेवारी काढेल: पहिले अंतर सुमारे ३ टक्के, दुसरे ५ टक्के, तिसरे १४ टक्के. हलक्या माणसाला दीड किलोचा फरक जाणवतो, भारी माणसाला तो जाणवत नाही, हा अनुभव नियमांत असा उतरला आहे. मात्र ही शिडी कुणी गणित मांडून बनवलेली नाही. शंभर-दीडशे वर्षांत एकेक पायरी गरजेप्रमाणे घुसडली गेली, म्हणून ती थोडी वाकडीतिकडीही आहे. शेवटच्या पायरीला तर वर मर्यादाच नसते. नागपूरच्या अल्फिया पठाणने एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधील किएल्से येथे युवा जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, ते ८१ किलोंवरील गटात. तिथे प्रतिस्पर्ध्याचे वजन कितीही असू शकते.

आपल्याकडच्या जत्रेतल्या दंगलीत काटा नसतो. जाणते लोक दोन पैलवानांना शेजारी उभे करून डोळ्यांनीच जोड लावतात, आणि ती बहुधा चुकत नाही. पण खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले तेव्हा त्यांना बँटमवेट गटाच्या मर्यादेतच बसावे लागले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या गटातले आहे. वजनाचे गट नसते, तर त्या अंगलटीच्या मल्लाला जगात तिसरे येणे किती अवघड गेले असते, याचा विचार करून पाहावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वजनाचा ठोशाशी संबंध काय?

मूठ आणि पंजा मिळून अर्ध्या किलोच्या आसपास भरतात. पण ठोसा फक्त मुठीचा नसतो. टाच जमिनीला रेटा देते, कंबर वळते, खांदा पुढे येतो, कोपर सरळ होते आणि आदळण्याच्या क्षणी मनगट ताठ होते. लाकूड फोडणारा नुसत्या हाताने कुऱ्हाड मारीत नाही, कमरेतून मारतो, तसेच हे. त्यामुळे मुठीच्या मागे शरीराचे काही वस्तुमान जोडले जाते. त्याला परिणामी वस्तुमान म्हणू. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्लायवेटपासून सुपर हेवीवेटपर्यंतच्या सात ऑलिंपिक मुष्टियोद्ध्यांना मापनयंत्रे बसवलेल्या पुतळ्याच्या चेहऱ्यावर ठोसे मारायला लावले होते. मुठीचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर भरला, परिणामी वस्तुमान सरासरी २.९ किलो आणि बल सरासरी ३४२७ न्यूटन. भारी गटांतल्या ठोशांचे बल जास्त होते, आणि त्याचे कारण त्यांचे परिणामी वस्तुमान जास्त होते. अंगाचे वजन ठोशात उतरते ते असे.

३४२७ न्यूटन म्हणजे किती, हे पारशिवनीच्या मुलांना सांगायचे तर साडेतीन क्विंटल धानाचा भार. अर्थात तो क्षणभरच पडतो.

हे आकडे एकमेकांशी जुळतात का, ते वर्गात तपासता येते. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग: २.९ × ९ = सुमारे २६ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. आघाताचा काळ किती? १९८५ साली इंग्लंडमध्ये हेवीवेट फ्रँक ब्रुनोच्या ठोशाचे मोजमाप झाले, तेव्हा स्पर्शानंतर १४ मिलिसेकंदांच्या आत बल शिखरावर पोचले होते. आपण ढोबळमानाने सगळा आघात १४ मिलिसेकंदांचा धरू. २६ ला ०.०१४ ने भागले की सरासरी बल सुमारे १८६० न्यूटन येते. बल शून्यापासून चढते आणि पुन्हा शून्यावर येते, म्हणजे आलेख त्रिकोणासारखा. त्रिकोणाचे शिखर सरासरीच्या दुप्पट असते: ३७०० न्यूटन. प्रत्यक्ष मापनाच्या इतक्या जवळचे उत्तर फळ्यावर येते तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. (मूठ पूर्ण थांबली असे आपण गृहीत धरले आहे. ती खरे तर डोक्याबरोबर थोडी पुढे जाते. हुशार विद्यार्थी हा आक्षेप घेईल. त्याला शाबासकी द्यावी.)

यालाच जोडून एक तुलना. ताशी १४० किलोमीटर वेगाचा क्रिकेटचा चेंडू घ्या. वस्तुमान ०.१६ किलो, वेग सेकंदाला ३९ मीटर. संवेग सव्वासहा. ठोशाचा संवेग त्याच्या चौपट. आता गतिज ऊर्जा काढा. चेंडूची सुमारे १२० ज्यूल, ठोशाचीही जवळजवळ तेवढीच. ऊर्जा सारखी, पण चेंडू लागला की जागच्या जागी फोड येतो किंवा हाड चिरते, आणि ठोशाने अख्खे डोके हलते. संवेग आणि ऊर्जा या दोन राशी वेगळ्या का शिकवायच्या, असे विचारणाऱ्यांसाठी याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

डोके हलते, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

मेंदूचे वस्तुमान १.३ ते १.४ किलो. तो घट्ट नसतो, ताज्या खरवसासारखा लिबलिबीत असतो. कवटीच्या आत तो मेंदूजलात तरंगतो. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती मिळून हे जल सुमारे १५० मिलिलिटर असते. पाण्यात तरंगणाऱ्या वस्तूला धक्के कमी बसतात, ही निसर्गाची युक्ती. पण ती एका प्रकारच्या धक्क्याला चांगली लागू पडते आणि दुसऱ्याला नाही. पुढचा प्रयोग करून पाहावा.

रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची पारदर्शक बरणी घ्यावी. त्यात पाणी आणि एक सोललेला उकडलेला बटाटा टाकावा. बटाटा तळाशी बसेल. मीठ विरघळवत जावे, बटाटा वर येऊ लागला की थांबावे आणि तो मधोमध राहील इतपत साधे पाणी मिसळावे. बटाट्याला एका बाजूला लवंग टोचून खूण करावी आणि बरणीवरही तिच्यासमोर शाईची खूण करावी. बरणी काठोकाठ भरून झाकण लावावे, हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. आता बरणी टेबलावरून झटक्यात सरळ पुढे ढकला. बटाटा बरणीबरोबरच जातो, भिंतीवर आपटत नाही. कारण त्याची आणि पाण्याची घनता सारखी आहे. आता बरणी जागेवरच झटक्यात पाव वळण फिरवा. बरणीवरची खूण पुढे जाते, लवंग मागेच राहते. पाणी आणि बटाटा दोघेही फिरायचे विसरले!

डोक्याचे असेच आहे. सरळ रेषेतला धक्का मेंदूजल बऱ्याच अंशी सांभाळून घेते. झटक्यात वळणारी कवटी मात्र मेंदूला बरोबर नेऊ शकत नाही. बटाटा मोकळा आहे, मेंदू मोकळा नाही. तो खाली मेंदूस्तंभाने बांधलेला आहे आणि वर त्याच्या पृष्ठभागापासून कवटीच्या आतल्या आवरणापर्यंत बारीक शिरांचे पूल आहेत. कवटी वळली, मेंदू मागे राहिला की हे पूल ताणले जातात आणि कधी तुटतात. आतल्या आत रक्त साचते, कवटीला फुगायला जागा नसते, दाब वाढतो. मुष्टियुद्धातल्या मृत्यूंचे सर्वांत नेहमीचे कारण हेच. शिवाय मेंदूचे थर एकमेकांवरून सरकतात आणि चेतापेशींचे लांब तंतू पिळवटतात.

मुष्टियोद्धे हनुवटीवर नेम का धरतात, हे आता उघड आहे. डोके मानेवर फिरते आणि हनुवटी त्या आसापासून दूर आहे. दाराला बिजागरीजवळ ढकलणे आणि कडीजवळ ढकलणे, यांतला फरक मुले रोज अनुभवतात. बाजूने आलेला ठोसा हनुवटीवर बसला की डोके गर्रकन वळते आणि माणूस शुद्ध हरपून पडतो. पडणाऱ्याला फार वेदना झालेल्या नसतात. म्हणूनच प्रेक्षकांना ते दृश्य वाटते त्यापेक्षा सौम्य भासते.

"पण हातमोजे असतात ना?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. हातमोजे सक्तीचे झाले १८६७ सालच्या क्वीन्सबेरी नियमांनी. व्यावसायिक लढतींत साधारणपणे वेल्टरवेटपर्यंत ८ औंसांचे, म्हणजे २२७ ग्रॅमचे मोजे असतात आणि त्याच्या वरच्या गटांना १० औंसांचे. मोज्याची गादी आघाताचा काळ थोडा वाढवते, बल मोठ्या क्षेत्रावर पसरवते, त्यामुळे चेहऱ्याची कातडी कमी फाटते. पण तिचा मोठा फायदा मारणाऱ्याच्या हाताला होतो. हातात २७ नाजूक हाडे असतात. उघड्या मुठीने कवटीवर जोरात मारले तर करंगळीच्या रेषेतले तळहाताचे हाड मोडते. डॉक्टर त्या मोडीला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात. उघड्या मुठीच्या काळात लढवय्ये डोक्यावर मारताना जपून मारीत. मोजे आले आणि डोक्यावर पुन:पुन्हा, पूर्ण जोराने मारणे शक्य झाले. संवेग तर मोज्याने कमी होत नाहीच. शिरस्त्राणाचेही तसेच. ते जखम आणि कवटीवरचा मार कमी करते, वळणे थांबवत नाही. २०१३ पासून हौशी पुरुष गटात ते काढूनच टाकले गेले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याच्याशिवाय लढले. हा निर्णय बरोबर होता की नाही यावर वाद आहे. आमच्या मते शाळकरी मुलांच्या बाबतीत तो मुळीच गिरवू नये.

आता त्या पंच झालेल्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर. २४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वेल्टरवेटच्या जागतिक अजिंक्यपदासाठी एमिल ग्रिफिथ आणि क्यूबाचा बेनी पॅरेट तिसऱ्यांदा समोरासमोर आले. दोघेही १४७ पौंडांच्या आत. काट्याच्या दृष्टीने लढत बरोबरीची. बाराव्या फेरीत पॅरेट कोपऱ्यात दोरांना टेकला आणि ग्रिफिथचे ठोसे त्याच्या डोक्यावर लागोपाठ पडत राहिले. पंचांनी लढत थांबवली तोवर पॅरेट खाली घसरत होता. तो शुद्धीवर आला नाही. दहा दिवसांनी, ३ एप्रिलला तो वारला. वय पंचवीस. ही लढत दूरचित्रवाणीवरून घरोघरी दिसत होती.

काट्याला जे दिसले नाही ते असे. साडेतीन महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९६१ मध्ये, पॅरेट आपल्याहून वरच्या गटातल्या जीन फुलमरशी लढला होता आणि दहाव्या फेरीत जबर मार खाऊन हरला होता. वजन दोघांचे सारखे होते, मेंदूंचा इतिहास सारखा नव्हता. मार खाल्लेला मेंदू बाहेरून ओळखता येत नाही, आणि तो सावरण्यापूर्वी पुन्हा मार बसला तर आधीच्यापेक्षा कमी आघातही भारी पडू शकतो. वजन सारखे केल्याने मारणाऱ्यांची ताकद जवळपास सारखी होते. सोसण्याची शक्ती सारखी होत नाही.

नियम हळूहळू बदलले. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक कू हा लाइटवेट मुष्टियोद्धा चौदाव्या फेरीनंतर कोसळून मरण पावला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने अजिंक्यपदाच्या लढती १५ वरून १२ फेऱ्यांवर आणल्या आणि इतर संघटना मागोमाग आल्या. मुंबईची लढत बारा फेऱ्यांची होती, त्यामागे हा मृत्यू आहे.

एकदम मरणारे थोडे असतात. सावकाश झिजणारे अधिक. हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९२८ सालीच अशा मुष्टियोद्ध्यांचे वर्णन केले होते: चाल अडखळते, बोलणे जड होते, हात कापतात, दारू न पिता झिंगल्यासारखे दिसतात. १९७३ मध्ये इंग्लंडच्या कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी पंधरा निवृत्त मुष्टियोद्ध्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले आणि त्या लक्षणांमागचे बदल प्रत्यक्ष दाखवले. हा परिणाम केवळ बेशुद्ध पाडणाऱ्या ठोशांचा नसतो. सरावात वर्षानुवर्षे बसणारे हलके ठोसेही त्यात जमा होत जातात.

राहिला काटा. व्यावसायिक लढतीचे वजन आदल्या दिवशी होते, आणि तिथे एक चलाखी चालते. ७० किलोंचा माणूस वेल्टरवेटमध्ये बसायचे ठरवतो. ३.३ किलो कमी हवेत. चरबी इतक्या लवकर जात नाही, पाणी जाते. शरीरात सुमारे ४० लिटर पाणी आहे, त्यातले तीन-साडेतीन लिटर तो घामावाटे घालवतो: गरम खोलीत बसतो, जाड कपडे घालून धावतो, पाणी पीत नाही. काट्यावर उभा राहतो, उतरतो आणि प्यायला लागतो. दुसऱ्या दिवशी रिंगणात तो पुन्हा ६९-७० किलोंचा असतो. प्रतिस्पर्धीही तेच करून आलेला असतो, त्यामुळे कुणाचाच फायदा होत नाही. तोटा मात्र दोघांचा होतो. पाणी गेले की रक्ताचे आकारमान घटते, हृदयाला जास्त धडपडावे लागते, घाम कमी येतो, शरीराचे तापमान चढते. वजनाच्या दोन टक्के पाणी गेले तरी दमसास कमी होतो, इथे ते पावणेपाच टक्के गेलेले असते. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस सुमारे महिन्याभरात महाविद्यालयीन तीन कुस्तीगीर असेच वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथले नियम कडक झाले. हौशी स्पर्धांत सकाळी वजन आणि त्याच दिवशी लढत असते, तरी मोह सुटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. १०० ग्रॅम म्हणजे अर्धा पेला पाणी. रात्रभर सर्व उपाय करूनही ते निघाले नव्हते.

हे सगळे पारशिवनीपासून दूरचे नाही. शालेय कुस्तीत आणि मुष्टियुद्धातही वजनाचे गट असतात. शिबिरातल्या त्या क्रीडाशिक्षकांनी सांगितले की, तालुका स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुले जेवत नाहीत, पाणी टाळतात, उन्हात स्वेटर घालून पळतात. कुणी शिकवलेले नसते, मोठ्यांचे पाहून करतात. मुलाला सकाळी लघवी गर्द पिवळी होते का, एवढे विचारले तरी निम्मे कळते. ज्या गटात मूल भरल्या पोटी आणि पाणी पिऊन बसते, तोच त्याचा गट, असे शाळेने आधीच ठरवून टाकावे.

शेवटी वर्गासाठी एक मोजणी. कबड्डीच्या तासाआधी आणि नंतर प्रत्येकाचे वजन करावे, कपडे तेच ठेवून, अंग पुसून. फरक घामाचा. एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर पाणी. हीच मोजणी एकदा डिसेंबरात आणि एकदा मार्चअखेर करून दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. काटा ५० ग्रॅमपर्यंत वाचणारा हवा, न्हाणीघरातला चालत नाही. गावात धान्य व्यापाऱ्याकडचा इलेक्ट्रॉनिक काटा मिळाला तर उत्तम. मधल्या वेळात कुणी पाणी प्यायले असेल तर ते पेल्याने मोजून वहीत नोंदवावे आणि वजनातल्या घटीत मिळवावे, नाहीतर आकडे जुळत नाहीत.